लिनक्सच्या लॅपटॉपला वायफाय: बर्डीत जाण्याआधी काय बघायचं, गेल्यावर काय मागायचं

२०२५ च्या दिवाळीत मानेवाड्याहून भाचीचा फोन आला. "मामा, लिनक्स तर टाकून झालं, पण वायफायचं निशाणच दिसून नाही राहिलं." तिचा लॅपटॉप नऊ वर्षांचा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले, विंडोज ११ त्या मशीनवर चढत नव्हतं, म्हणून तिने मिंट हा लिनक्सचा प्रकार टाकला. आवाज, स्क्रीन, कीबोर्ड, टचपॅड सगळं पहिल्या फटक्यात चाललं. अडलं ते फक्त वायफायवर. असे फोन मला आता महिन्यातून दोन-तीन तरी येतात, आणि बहुतेक जण तोवर बर्डीतून (नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून) एक डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचं छोटं वायफाय यंत्र, घेऊनही आलेले असतात, जो चालत नाही.

म्हणून मुख्य गोष्ट आधीच सांगतो. लिनक्सला खोक्यावरचं नाव कळत नाही, त्याला आतली चिप कळते. एकाच नावाच्या दोन डोंगलांत दोन वेगळ्या कंपन्यांच्या चिप असू शकतात. टीपी-लिंकचा डब्ल्यूएन-७२२एन हा त्याचा ठळक दाखला. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर-९२७१ चिप होती, जी लिनक्समध्ये लावल्या लावल्या चालते. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेकची चिप आली. नाव तेच, पण पहिल्या आवृत्तीची तारीफ वाचून दुसरी-तिसरी घेतलेल्यांची गत वेगळी. तेव्हा खरेदीची सुरुवात दुकानातून करू नका, स्वतःच्या लॅपटॉपपासून करा.

आधी नेट आणा

वायफाय दुरुस्त करायला नेट लागतं आणि नेटसाठी वायफाय लागतं, या कोड्यात नवा माणूस दोन दिवस घालवतो. त्याची गरज नाही. अँड्रॉइड फोन डेटा केबलने लॅपटॉपला जोडा, फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंगमध्ये जाऊन "यूएसबी टेदरिंग" चालू करा. लिनक्सला यासाठी वेगळं काही लागत नाही, अर्ध्या मिनिटात तारेचं कनेक्शन असल्यासारखं नेट येतं. फोन घरच्या वायफायला जोडलेला असेल तर बहुतेक फोन तेच नेट पुढे देतात, म्हणजे मोबाईलचा डेटाही जात नाही. टेदरिंगचा पर्याय फिकट दिसत असेल तर केबल बदलून पहा. नुसत्या चार्जिंगच्या केबली घरात असतातच.

कार्ड नाही की नुसतं बंद आहे?

टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडा. आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या. फोनवर सांगतो तशी मी अक्षरं सुटी करून सांगतो. पहिली आज्ञा: आर-एफ-के-आय-एल-एल, मग जागा, मग लिस्ट हा शब्द. यादीत वायरलेस लॅन दिसलं आणि त्यापुढे "सॉफ्ट ब्लॉक्ड: येस" असेल, तर कार्ड आहे, नुसतं बंद केलंय. लिस्टच्या जागी "अनब्लॉक ऑल" लिहिलं की ते उठतं. "हार्ड ब्लॉक्ड: येस" असेल तर लॅपटॉपच्या कडेला एखादी सरकती कळ शोधा, किंवा एफएन सोबत विमानाचं किंवा अँटेनाचं चित्र असलेली कळ दाबून पहा.

ज्यांनी विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकलंय, त्यांनी विंडोजमधलं "फास्ट स्टार्टअप" बंद करावं. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं आणि वायफायचं कार्ड कधी कधी अशा अवस्थेत सोडतं की लिनक्सला ते नीट उठवता येत नाही. हे एवढं केल्याने वायफाय सुरू झालेले लॅपटॉप मी पाहिलेत.

चिपचं नाव आणि तिचा क्रमांक

आता आतलं कार्ड ओळखू. आज्ञा: एल-एस-पी-सी-आय, जागा, आडवी रेघ, आणि तिला लागून एन-एन-के. लांबलचक यादी येईल. त्यात "नेटवर्क कंट्रोलर" किंवा "वायरलेस" असं लिहिलेली ओळ शोधा. ओळीच्या शेवटाकडे चौकटी कंसात चार-चार अक्षरांच्या दोन जोड्या असतात, मध्ये विसर्गासारखे दोन टिंब. उदाहरणार्थ ८०८६:२७२३. पहिली जोडी कंपनीची, दुसरी त्या चिपची. ८०८६ म्हणजे इंटेल, आणि २७२३ म्हणजे त्यांचं एएक्स-२०० कार्ड. कंपनीचे हे आकडे थोडेच आहेत: १४ई४ ब्रॉडकॉम, १०ईसी रिअलटेक, १४सी३ मीडियाटेक, १६८सी अथेरॉस. यूएसबी डोंगलसाठी आज्ञा एल-एस-यू-एस-बी, आणि तिथे रिअलटेकचा आकडा ०बीडीए, मीडियाटेकचा ०ई८डी असतो.

त्याच ओळीखाली "कर्नल ड्रायव्हर इन यूज" अशी ओळ असेल तर ड्रायव्हर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर) लागलेला आहे आणि अडचण दुसरीकडे आहे, बहुधा फर्मवेअरमध्ये, त्याबद्दल पुढे सांगतो. ती ओळच नसेल तर ड्रायव्हर लागलेला नाही.

तिसरी आज्ञा: यू-एन-ए-एम-ई, जागा, आडवी रेघ आर. ही कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, आवृत्ती सांगते.

तो क्रमांक आणि ती आवृत्ती एका कागदावर लिहून घ्या. पुढचं सगळं या दोन गोष्टींवर ठरतं.

कारण असं. विंडोजमध्ये ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून किंवा सीडीतून येतो. लिनक्समध्ये तो बहुतेक वेळा कर्नलच्या पोटातच येतो. चिप बाजारात आल्यावर तिचा ड्रायव्हर कर्नलच्या एखाद्या आवृत्तीत दाखल होतो, आणि त्याआधीच्या कर्नलला ती चिप परकीच राहते. इंटेलचं एएक्स-२०० कर्नल ५.१ पासून चालतं, एएक्स-२१० ला ५.१० लागतं, मीडियाटेकच्या एमटी-७९२१ ला ५.१२. लिनक्सच्या प्रकारांपैकी (त्यांना डिस्ट्रो म्हणतात) उबंटू २२.०४ मूळ ५.१५ कर्नलवर आलं, २४.०४ हे ६.८ वर, डेबियन १२ हे ६.१ वर. म्हणून कुणी "माझ्याकडे चालते" म्हटलं की त्याला पहिला प्रश्न विचारा, तुमचं कर्नल कोणतं?

ड्रायव्हरसोबत फर्मवेअरही लागतं. ही चिपच्या आत भरायची छोटी फाइल. डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ही बंद (कोड खुला नसलेली) फर्मवेअर जून २०२३ च्या डेबियन १२ पासून आली. त्याआधीचं डेबियन कुणी दिलं असेल आणि वायफाय नसेल, तर दोष कार्डाचा नाही, फाइल आत नाही एवढंच.

कोणत्या कंपनीची चिप, काय अपेक्षा

इंटेल: डोळे मिटून. ड्रायव्हर कंपनी स्वतः कर्नलमध्ये देते. मला कुणी "एकच नाव सांग" म्हटलं तर मी हेच सांगतो.

अथेरॉसच्या जुन्या, ९के ड्रायव्हरवर चालणाऱ्या चिप आजही मला प्रिय आहेत. त्यांच्या पीसीआय कार्डांना वेगळी फर्मवेअर फाइल लागतच नाही, आणि एआर-९२७१ डोंगलची फर्मवेअरसुद्धा खुली आहे. ज्यांना ट्रिस्केलसारखी पूर्ण मुक्त प्रणाली चालवायची आहे, त्यांच्यासाठी वाट हीच. वेग मात्र आजच्या मानाने कमी.

मीडियाटेक सध्या डोंगलमध्ये सगळ्यांत भरवशाचं. एमटी-७६१० आणि एमटी-७६१२ या यूएसबी चिपचे ड्रायव्हर कर्नलमध्ये बरीच वर्षं आहेत. एएमडीच्या नव्या लॅपटॉपांत आरझेड-६०८ किंवा आरझेड-६१६ लिहिलेलं कार्ड दिसतं, तेही आतून मीडियाटेकच.

रिअलटेक: इथे थांबून बघावं लागतं, कारण बाजारात सगळ्यांत जास्त डोंगल याच चिपचे. पूर्वी यांचे बरेच ड्रायव्हर कर्नलबाहेर असायचे, दर अपडेटला पुन्हा बांधावे लागायचे. आता चित्र बदललंय. ८८२२बीयू आणि ८८२१सीयू या डोंगल चिप कर्नल ६.२ मध्ये आल्या, ८८१२एयू आणि ८८२१एयू त्यानंतर दोनेक वर्षांनी. तेव्हा रिअलटेक वाईट असं नाही, पण चिपचं पूर्ण नाव आणि तुमचं कर्नल जुळवल्याशिवाय पैसे देऊ नका.

ब्रॉडकॉम जुन्या लॅपटॉपांत खूप सापडतं. काही चिप कर्नलमधल्या ड्रायव्हरवर चालतात, पण बीसीएम-४३१४२ सारख्या चिपला कंपनीचा बंद ड्रायव्हरच लागतो, आणि तो २०१५ च्या आवृत्तीनंतर कंपनीने पुढे नेलेला नाही. डिस्ट्रो चालवणारे लोक त्याला ठिगळं लावून नव्या कर्नलवर चालवतात. काम भागतं. पण मी अशा लॅपटॉपात कार्डच बदलतो.

खर्च करण्याआधी काही फुकट उपाय

फोनचं नेट जोडून सगळे अपडेट घ्या. मिंटमध्ये "ड्रायव्हर मॅनेजर", उबंटूमध्ये "अॅडिशनल ड्रायव्हर्स" उघडा. ब्रॉडकॉमसारख्या चिपचा ड्रायव्हर तिथेच सुचवलेला असतो. लिनक्स-फर्मवेअर हे पॅकेज आहे का ते पहा. आणि डिस्ट्रोच्या अपडेट मॅनेजरमधून नवं कर्नल घेऊन पहा.

एक धोक्याची जागा: सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर बूट होताना अडवणारी सोय) चालू असेल तर बाहेरचा ड्रायव्हर टाकताना तो एक पासवर्ड ठरवायला सांगतो, आणि पुढच्या बूटला निळा पडदा येऊन तोच पासवर्ड विचारतो. घाईत लोक तो पडदा पुढे ढकलून देतात आणि मग ड्रायव्हर टाकूनही चालत नाही. त्या पडद्यावर "एनरोल एमओके" निवडायचं आणि पासवर्ड द्यायचा.

नेटवर जुन्या उत्तरांत एनडीआयएस-रॅपर नावाचा उपाय दिसेल, विंडोजचा ड्रायव्हर लिनक्समध्ये गुंडाळण्याचा. तो काळ गेला. त्यात वेळ घालवू नका.

आतलं कार्ड बदलायचं असेल तर

मला विचाराल तर शक्य असेल तिथे हाच मार्ग. काही बाहेर लटकत नाही, ब्लूटूथही त्याच कार्डावर मिळतं, आणि लॅपटॉपच्या झाकणातला मोठा अँटेना वापरात येतो.

आधी लॅपटॉप उघडून पहा. गेल्या आठ-दहा वर्षांतल्या बहुतेक लॅपटॉपांत एम-डॉट-टू जातीचं, २२३० मापाचं कार्ड असतं, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर लांब. त्याहून जुन्यांत मिनी पीसीआय एक्सप्रेस असतं. दोन्ही एकमेकांच्या जागी बसत नाहीत, आणि अँटेनाच्या तारांची बटणंही वेगळ्या मापाची असतात. काही लॅपटॉपांत चिप मदरबोर्डवरच डाग देऊन बसवलेली असते. तसं असेल तर हा मार्ग बंद, सरळ डोंगलकडे जा.

इंटेलच्या कार्डांत एक फसगत आहे आणि ती पैसे बुडवते. एएक्स-२०० आणि एएक्स-२१० ही साधी कार्डं, इंटेल-एएमडी दोन्हीत चालतात. एएक्स-२०१ आणि एएक्स-२११ दिसायला तशीच, जागेत बसायलाही तशीच, पण त्यांचा अर्धा मेंदू इंटेलच्या प्रोसेसर-चिपसेटमध्ये असतो. एएमडीच्या किंवा जुन्या इंटेल लॅपटॉपात ती नुसती पट्टी होऊन बसतात. शेवटी १ असेल तर घेऊ नका, जोपर्यंत तुमच्या मशीनमध्ये मूळचं कार्डही त्याच जातीचं नाही.

दुसरी अडचण बायोसची, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यांत आधी चालणाऱ्या प्रोग्रामची. काही ब्रँडच्या जुन्या लॅपटॉपांत बायोसमध्येच ठराविक कार्डांची यादी असते. यादीबाहेरचं कार्ड लावलं की चालू होतानाच "अनधिकृत नेटवर्क कार्ड" अशा अर्थाची सूचना येते आणि मशीन पुढे जात नाही. तुमच्या मॉडेलच्या नावाने आधी शोधून घ्या.

भाचीच्या लॅपटॉपात आम्ही एएक्स-२०० लावलं. चार्जर काढला, मागचं झाकण उघडलं, सगळ्यात आधी बॅटरीची पिन सोडवली. जुन्या कार्डावर दोन बारीक तारा, एक काळी, एक पांढरी, टोकाला मुगाच्या डाळीहून लहान पितळी बटणं. ती तार ओढून काढायची नाही. नख किंवा प्लास्टिकची पट्टी बटणाखाली घालून सरळ वर उचलायची. मग एकच स्क्रू, तो काढला की कार्ड तिरपं होऊन स्वतःच वर येतं. नवं कार्ड तसंच तिरपं घालायचं, दाबून आडवं करायचं, स्क्रू लावायचा. खरी परीक्षा बटणं बसवताना. बरोबर वर धरून बोटाने सरळ दाबलं की "टक्" असा अगदी हलका आवाज येतो; आवाज नाही आला तर ते बसलेलंच नाही. तिरपं दाबलं तर बटणाची कडा चेपते आणि मग ती तारच बदलावी लागते. तिने पहिलं बटण मला बसवायला लावलं, दुसरं स्वतः बसवलं. मिंट चालू केलं तेव्हा वायफायची यादी समोर होती. काही टाकावं लागलं नाही.

लॅपटॉपात अँटेनाची एकच तार असेल (स्वस्त मॉडेलमध्ये असते) तर दोन बटणांच्या कार्डाचा पूर्ण वेग मिळणार नाही, हे धरून चाला.

डोंगल घ्यायचा असेल तर

२०२२ मध्ये मी स्वतः एक डोंगल घेतला. दुकानदार म्हणाला, "भाऊ, लिनक्समध्ये पण चालते, खोक्यावर लिहून आहे पहा." लिहिलेलं होतं. घरी लावला तर वायफायऐवजी एक सीडी ड्राइव्ह दिसायला लागली, आत विंडोजचा ड्रायव्हर. लिनक्ससाठी दिलेली फाइल कितीतरी जुन्या कर्नलसाठी होती, माझ्या ५.१५ वर ती बांधलीच जाईना. तीन रात्री गेल्या. खोक्यावरचं वाक्य खोटं नव्हतं, पण माझ्यासाठी निरुपयोगी होतं.

त्या सीडीचा प्रकार समजून घ्या, कारण तो आजही दिसतो. अनेक डोंगल लावल्यावर आधी स्वतःला सीडी म्हणून दाखवतात, म्हणजे विंडोजवाल्याला ड्रायव्हर मिळावा. लिनक्समध्ये यूएसबी-मोडस्विच नावाचं पॅकेज त्यांना खऱ्या रूपात आणतं. तातडीचा उपाय म्हणजे फाइल मॅनेजरमध्ये ती सीडी "इजेक्ट" करायची. मग पुन्हा एल-एस-यू-एस-बी चालवा. क्रमांक बदललेला दिसेल, आणि तोच खऱ्या चिपचा.

आवृत्ती डोंगलच्या किंवा खोक्याच्या स्टिकरवर बारीक अक्षरांत असते, "व्ही" किंवा "व्हर्शन" आणि पुढे आकडा. ती वाचल्याशिवाय नेटवरचा कुठलाही सल्ला लागू करू नका.

नखाएवढे छोटे डोंगल लॅपटॉपला शोभतात, पण त्यांचा अँटेनाही नखाएवढाच. स्लॅबच्या घरात दोन खोल्या पलीकडे राऊटर असेल तर दांडीचा अँटेना असलेला घ्या. आणि निळ्या यूएसबी-३ पोर्टमध्ये हार्ड डिस्क चालू असताना २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल खराब होतो. डोंगल छोट्या एक्स्टेन्शन केबलने लांब न्या.

बर्डीत

निघण्याआधी एका पेनड्राइव्हवर तुम्ही वापरता तेच लिनक्स लाइव्ह, म्हणजे लॅपटॉपवर न टाकता थेट पेनड्राइव्हवरून, चालेल असं तयार करा. लॅपटॉप आणि तो पेनड्राइव्ह दोन्ही सोबत न्या. मेट्रोने सीताबर्डीला उतरलात की मोदी नंबरच्या गल्ल्या पायी अंतरावर. नव्या मालाच्या दुकानांइतकंच जुने लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्यांकडेही विचारा. त्यांच्याकडे मोडलेल्या मशीनमधून काढलेली चांगली इंटेल कार्डं असतात, आणि ती पट्टी हातात घेऊन तुम्हाला नंबर वाचता येतो.

"लिनक्सला चालेल का?" असं विचारू नका. दुकानदाराकडे त्याचं उत्तर नसतं, आणि तो गिऱ्हाईक सोडणार नाही. विचारा, "दादा, यात चिप कोणती आहे? लावून पाहू का? चालला तर लगेच घेतो." आजवर मला याला फार कमी ठिकाणी नाही म्हटलंय. डोंगल लावा, क्रमांक पहा, दुकानातल्या वायफायला किंवा स्वतःच्या हॉटस्पॉटला जोडून एखादा व्हिडिओ चालवा. पाच मिनिटं लागतात. लाइव्ह पेनड्राइव्हमुळे तुमच्या मशीनवरची जुनी खटपट आड येत नाही.

आतलं कार्ड दुकानात लावून पाहता येत नसेल तर परत घेण्याची मुदत बिलावर लिहून घ्या. तोंडी नाही, बिलावर. ऑनलाइन मागवत असाल तर चिपचं नाव न लिहिलेला डोंगल मागवूच नका.

घरी आल्यावर

घरच्या राऊटरची फोनवर दोन नावं दिसतात आणि लॅपटॉपवर एकच, असं झालं तर कार्ड बिघडलेलं नसतं. ते फक्त २.४ गिगाहर्ट्झचं असतं आणि दुसरं नाव ५ गिगाहर्ट्झचं. फ्लॅटच्या इमारतीत २.४ वर शेजारपाजाऱ्यांची एवढी गर्दी असते की ५ चालवणारं कार्ड घेतलेलं बरं.

उन्हाळ्यात सिग्नल पडला की लिनक्सला दोष देण्याआधी राऊटर कुठे आहे ते पहा. आपल्याकडे मे महिन्यात कूलर लागतो आणि राऊटर नेमका त्याच्या पलीकडच्या कोनाड्यात असतो. पत्र्याची पेटी आणि आत पाण्याने भिजलेली खस, दोन्ही वायफायला अडवतात. राऊटर वर, उघड्यावर ठेवा.

दर थोड्या वेळाने नेट अडखळत असेल तर वीजबचत बंद करून पहा. नेटवर्क-मॅनेजरच्या सेटिंग फाइलमध्ये "वायफाय-डॉट-पॉवरसेव्ह" पुढे ३ असतो; तो २ करा आणि मशीन पुन्हा चालू करा.

शेवटची चाचणी बहुतेक लोक करत नाहीत. वायफाय जोडलेलं असताना झाकण बंद करा, लॅपटॉप झोपू द्या, दहा मिनिटांनी उघडा. वायफाय आपोआप परत जोडलं गेलं पाहिजे. असं दोन-तीन दिवस करा, ब्लूटूथचा हेडफोनही लावून पहा. काही ड्रायव्हर झोपेतून उठताना अडतात आणि ते पहिल्या दिवशी कळत नाही. ही चाचणी परत करायची मुदत संपण्याच्या आत उरका.